मायची आखूड ओळ

सरांनी माझ्या प्रकल्पातल्या दोन ओळी फळ्यावर लिहिल्या.

मागं मागं चालते पाय वो बाई
पुढं हिरवं होते

मग खडूने मात्रा मोजल्या. "दुसरी ओळ अर्ध्यातच बसली. कविता लंगडी आहे." वर्ग हसला. "आणि अर्थ? मागे चालणाऱ्याच्या पुढे हिरवं कसं होईल?"

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "काऊन वो, तुमच्या गावात सारे उलटेच चालते का?"

चंद्रपूरच्या कॉलेजात मी पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. आवडत्या कवितेचं रूप आणि अर्थ उलगडा, असा मराठीचा प्रकल्प होता. मी मायचं गाणं नेलं होतं. तिनंच रचलेलं. धानाची रोवणी मागे मागे सरकत करतात, लावलेलं रोप समोर राहतं. मला हे माहीत होतं. लहानपणापासून मीही त्या चिखलात वाकले आहे. पण सांगितलं असतं, तर सगळ्यांना माझे चिखलाचे पाय दिसले असते.

"कोणाची कविता ही?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही, सर. कुठंतरी ऐकली."

माय जिवंत असताना मी असं बोलले.

रविवारी गावी गेले. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बायांची रोवणी सुरू होती. मायनं विचारलं, "तुह्या सरले आवडलं का वो गाणं?"

"हो."

ती बायांकडे वळली. "आयकलं का? माहं गाणं कालेजात वाचलं!"

"मंग आता तू बी कालेजात जाय," एक काकू म्हणाली. सगळ्या हसल्या. मायही. मला मान वर करता येईना.

बायांनी तेच गाणं धरलं. दुसरी ओळ आली आणि थांबली. सगळ्यांचे हात एकदम रोपांच्या नव्या पेंडीकडे गेले. गाणं गप्प, नुसता पाण्याचा आवाज. पेंडी सुटली, रोपं हातात आली, तेव्हा पुढची ओळ निघाली. उरलेल्या मात्रा हात भरत होते. इतकी वर्षं मी तिथे होते, आणि आता कळलं.

सोमवारी तोच प्रकल्प नेला. वर मायचं नाव लिहिलं. वर्गात उभी राहून सगळं सांगितलं. "ही कविता माझ्या मायची आहे. त्या दिवशी मी खोटं बोलले."

सर म्हणाले, "भावना ठीक आहेत. पण दुसरी, छापील कविता आणा. नाहीतर शून्य."

"शून्य द्या, सर. ओळ लांब होणार नाही."

शून्य मिळालं. त्याची लाज नाही. पण मी तिला नाकारलं, हे मायला अजून माहीत नाही. या रविवारी सांगणार आहे. बांधीत, सगळ्या बायांसमोर.