सासूबाईंची इंग्रजीची परीक्षा

आमच्या सासूबाईंच्या छातीत दुखत नाही, हे सिद्ध करायला एक ॲम्ब्युलन्स, दोन डॉक्टर आणि वर्ध्यातली आमची निम्मी नालवाडी लागली. दुखतंय असं सांगायला त्यांना मीच शिकवलं होतं.

मी हिंगणीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. माझी नणंद वर्षा मेलबर्नला असते. तिची मुलगी आयरा सहा वर्षांची. मागच्या खेपेला ती आली तेव्हा तिला मराठी येत नव्हती आणि सासूबाईंना इंग्रजी. दोघी पंधरा दिवस समोरासमोर बसून एकमेकींकडे बघून हसत होत्या. शेवटी शेवटी सासूबाईंचे गाल दुखायला लागले. ती गेली त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "शुभांगी, तू साऱ्या गावच्या पोट्ट्यायले शिकवतं. मलेच काऊन नाई शिकवत?"

आयरा पुन्हा दिवाळीला येणार होती. आणि मी नुकतंच पाच दिवसांचं प्रशिक्षण करून आले होते! तिथं चित्रकार्डं दिली होती, हातात घालायच्या बाहुल्या दिल्या होत्या आणि कल्पना तर इतक्या दिल्या होत्या, की ठेवायला वेगळी पिशवी लागावी. वर्गातल्या पन्नास मुलांवर त्या कल्पना चालत नव्हत्या. (मुलं बाहुल्यांच्या मारामाऱ्या लावत.) घरात विद्यार्थिनी एकच आणि तीही शिकायला उत्सुक. मी पदर खोचला.

पहिली कल्पना म्हणजे घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिचं इंग्रजी नाव चिकटवायचं. मी कणकेची खळ केली आणि दार, खिडकी, फ्रीज, खुर्ची, सगळ्यांवर ठसठशीत अक्षरांत कागद लावले. खळ आवडली ती मुंग्यांना. तिसऱ्या दिवशी फ्रीजवरच्या कागदापर्यंत त्यांची रांग लागली. माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मितभाषी माणूस. ते एवढंच म्हणाले, "मुंग्यायले इंग्रजी लवकर जमून राह्यलं."

दुसरी कल्पना, हुकूम ऐकून कृती करायची. "स्टँड अप, सिट डाऊन, टर्न अराउंड." चौथ्या "स्टँड अप"ला सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले. मग त्यांनीच तोड काढली, "हुकूम मी देतो, तुमी उठा." तेव्हापासून माझा नवरा प्रशांत ऑफिसातून आला की बुटांसकट दारात गोल फिरायचा आणि मगच त्याला चहा मिळायचा.

तिसरी कल्पना मात्र लागू पडली. नाटुकली. बाजारात, बस स्टँडवर, डॉक्टरकडे असे प्रसंग घ्यायचे आणि संवाद म्हणायचे. सासूबाईंना डॉक्टरचा प्रसंग इतका आवडला, की भाजी निवडतानाही त्या पुटपुटत असत, "आय ॲम नॉट वेल. आय हॅव पेन इन माय चेस्ट. सिन्स मॉर्निंग." मी खुश झाले आणि त्या खुशीत दोन चुका करून बसले. एक, नियम केला की सकाळी अकरा ते बारा घरात फक्त इंग्रजी. (त्या वेळी तिकडे दुपार असते, आयरा शाळेतून घरी येते, फोन करायला बरं.) मी घरी असो वा नसो, कोणीही येवो, मराठीचा एक शब्द काढायचा नाही. आणि दोन, त्यांना सांगून ठेवलं, "आई, एक दिवस मी अचानक परीक्षा घेणार. अगदी खरी वाटेल अशी."

त्या मंगळवारी मी शाळेत होते. सासरे नुकतेच खुर्चीतून उठून बँकेत गेले होते. अकरा वाजले. सासूबाईंनी मेलबर्नला फोन लावला. आयरा उचलेल असं त्यांना वाटलं, उचलला वर्षानं. सासूबाईंनी कोण आहे ते न बघता, श्वास न घेता पाठ म्हणून टाकला, "हॅलो. आय ॲम नॉट वेल. आय हॅव पेन इन माय चेस्ट. प्लीज हेल्प मी. थँक यू. गुड बाय." आणि फोन ठेवला, कारण धडा तिथंच संपत होता. मग फोन चार्जिंगला लावून त्या समाधानानं आंघोळीला गेल्या.

वर्षानं आईला जन्मात इंग्रजी बोलताना ऐकलं नव्हतं. तिनं अकरा वेळा फोन लावला. मग प्रशांतला लावला, तो साहेबांसमोर मीटिंगमध्ये. शेवटी शेजारच्या वानखेडे काकूंना लावला. काकू धावत आल्या तर सासूबाई ओल्या केसांनी बाहेर येत होत्या.

"काय होऊन राह्यलं वो तुमाले?" काकूंनी विचारलं.

सासूबाईंनी आधी घड्याळाकडं पाहिलं, मग ओठावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "नो मराठी."

काकूंनी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि मग मला फोन केला, "शुभांगी, लवकर ये. तुझ्या सासूची मराठी गेली."

ॲम्ब्युलन्स दारात थांबली, पांढऱ्या कपड्यातली दोन माणसं स्ट्रेचर घेऊन उतरली. तेव्हा सासूबाईंना सगळा उलगडा झाला. हीच ती परीक्षा! सुनेनं गाडीसुद्धा खरी मागवली! त्या पटकन बरी साडी नेसल्या आणि केस विंचरून आपण होऊन स्ट्रेचरवर जाऊन निजल्या.

"आजी, काय त्रास होते?"

"आय हॅव पेन इन माय चेस्ट."

"कवापासून?"

"सिन्स मॉर्निंग," सासूबाई म्हणाल्या आणि जमलेल्या गर्दीकडे बघून हसल्या. ते हसू बघून दोन बायका रडायला लागल्या.

मी स्कूटीवर हिंगणीहून वर्ध्यापर्यंत कशी आले, मला सांगता येणार नाही. वाटेत एकच विचार डोक्यात, काल त्यांना चुकलेल्या शब्दावरून आपण किती टोकलं. दवाखान्यात पोचले तर दारातच सासरे. बँकेतून घरी आले, बातमी ऐकली आणि तसेच धावत निघाले. घामाघूम झालेले, धापा टाकत होते आणि पाठीवर माझ्या हातचा कागद, ठसठशीत अक्षरांत, 'चेअर'. दारावरच्या ब्रदरनं तो वाचला आणि मोठ्या तत्परतेनं व्हीलचेअर आणून त्यांना बसवलं. "मी पेशंट नाई बाप्पा," सासरे सांगत होते. "सगळे असंच म्हणतात काका," तो म्हणाला आणि ढकलत घेऊन गेला.

आत सासूबाई पलंगावर. छातीला वायरी. तरुण डॉक्टर ईसीजीची पट्टी उलटसुलट करून बघत होती, कारण पट्टी उत्तम होती आणि पेशंट दर वेळी सकाळपासून दुखतंय म्हणत होती. तिनं मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. तेही चक्रावले. मी कॉटला धरून रडायला लागले. माझ्याकडे बघून सासूबाईंचा चेहरा पडला. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. बाराला दोन मिनिटं होती. काटा बारावर गेला आणि त्यांनी विचारलं, "काऊन रडतं वो पोरी? नापास झालो काय मी?"

मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला नेलं आणि सारं ऐकून घेतलं. "मॅडम, पुढच्या वेळी बाजाराचा धडा शिकवा," एवढंच ते बोलले. प्रशांत आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. त्यानं दारात गोल फिरणंही सोडलं.

मी कार्डं, बाहुल्या, कागद सगळं माळ्यावर टाकलं. सासूबाई मात्र थांबल्या नाहीत. रोज अकराला त्या आयराला फोन करायच्या आणि वांग्यापासून मांजरीपर्यंत हाताला येईल ते कॅमेऱ्यापुढं धरून विचारायच्या, "व्हॉट धिस?" आयरा सांगायची, त्या पाठ करायच्या. कोणी टोकायला नव्हतं.

दिवाळीला आयरा आली. मी दारात उभी राहून, प्रशिक्षणात शिकवलेल्या नेमक्या उच्चारात, अख्खं वाक्य बोलले, "वेलकम होम, आयरा. डिड यू हॅव अ कम्फर्टेबल जर्नी?"

आयरा माझ्याकडे बघत राहिली. मग आजीकडे वळली, "आजी, व्हॉट इज शी सेइंग?"

सासूबाईंनी तिचा हात धरला. "शी आस्किंग, यू टायर्ड?"

"ओ! येस, व्हेरी," आयरा म्हणाली.

पुढचा महिनाभर घरात असंच चाललं. मी इंग्रजीत बोलायची आणि सासूबाई ते आयराला इंग्रजीत समजावून सांगायच्या. मला या विषयात अकरा वर्षांचा अनुभव आहे.