समासातली ओळ

आठ वर्षांत माझी एकही नमाज चुकली नाही, आणि आठ वर्षं मी नमाजेत माझ्या थोरल्या भावाशी भांडत राहिलो. कपाळ जमिनीला टेकलेलं, ओठांवर अल्लाहचं नाव आणि डोक्यात भाईला सुनावायची वाक्यं. अशी इबादत कुठे पोहोचत असेल का, असं मनात यायचं. पण राग सोडायला मी तयार नव्हतो.

आठ वर्षांपूर्वी आई गेल्याचं कळताच मी डॅलसहून निघालो होतो. दापोलीजवळच्या आमच्या गावी पोहोचलो तेव्हा लोक कब्रस्तानातून परतत होते. मी वाटेत आहे हे भाईला ठाऊक होतं, तरी तो थांबला नाही. तासाभराने आईचं तोंड पाहणं हुकलं. सोडून देणं मला तसंही कधी जमलेलं नाही. शनिवार-रविवारच्या बाजारात व्हॅनमधून गालिचे विकत मी दोन दुकानं उभी केली, ती हट्टाने घासाघीस करूनच.

या वसंतात वहिनीचा मेसेज आला. उद्या सकाळी भाईचं बायपास आहे, त्याला एकदा बोलायचंय. बायकोने मेसेज वाचून फोन माझ्यासमोर ठेवला. मुलगी म्हणाली, "जस्ट कॉल हिम, बाबा." मी दोघींवर ओरडलो आणि गालिचे बघायला डॅलसजवळच्या प्लेनोला निघून गेलो.

घर एका तुर्की बाईंचं होतं. ऐंशीच्या आसपास वय, घर आवरून न्यू जर्सीला लेकीकडे चालल्या होत्या. गालिच्यांचा सौदा झाल्यावर त्या हात धुऊन आल्या आणि सगळ्यात वरच्या फळीवरून रेशमी कापडातलं एक बासन त्यांनी काढलं. आत हाताने लिहिलेलं कुराण होतं, उस्मानी सुलतानांच्या काळातलं, त्यांच्या आजीच्या माहेरचं. पहिली दोन पानं निळ्या आणि सोनेरी वेलबुट्टीने भरलेली, प्रत्येक आयतीनंतर, म्हणजे वचनानंतर, सोन्याचं चिमुकलं फूल, आणि काजळीच्या शाईची अक्षरं जणू कालच वाळलेली. नातवंडांना वाचता येत नाही, म्हणून ते वाचणाऱ्याच्या घरी जावं एवढीच त्यांची इच्छा होती.

माझी सवय मात्र जागी झाली. वस्तू घ्यायची तर आधी तिच्यातलं उणं शोधायचं. एका पानावर चौकटीबाहेर, समासात, एक आख्खी ओळ उभी लिहिलेली दिसली. तिच्याभोवती सोन्याची नक्षी होती. मी म्हणालो, इथे लिहिणारा चुकलाय, किंमत कमी करावी लागेल.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की या कागदावर अंड्याच्या पांढऱ्याचा थर असतो, चूक लगेच दिसली तर ओल्या बोटाने पुसता येते. पण लागोपाठच्या दोन ओळींत एकच शब्द आला, लिहिणाऱ्याची नजर खालच्या शब्दावर घसरली, आणि पान भरून गेल्यावरच त्याला ते कळलं. मग राहिलेली ओळ त्याने समासात लिहिली.

"पुढे पान नक्षीवाल्याकडे गेलं," त्या म्हणाल्या. "त्याने चूक लपवली नाही. तिच्याभोवती सोनं लावलं. माझी आजी नेहमी हेच पान आधी उघडायची." मग हळूच म्हणाल्या, "आणि किंमत म्हणू नका. याचं हेदिये असतं."

हेदिये म्हणजे आपला हदिया, भेट म्हणून द्यायची रक्कम. लहानपणी बाजारात मी कुराण केवढ्याला म्हणून विचारलं, तेव्हा आईने माझ्या तोंडावर हात ठेवून म्हटलं होतं, "याची किंमत नसते रे, हदिया म्हणावं." ती गेल्यापासून तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. टेक्सासमध्ये एका परक्या म्हातारीने तो मला परत दिला. त्यांची परवानगी घेऊन मी अंगणात आलो आणि भाईला फोन लावला.

"अमेरिकेतून फोन लागत नाहीत असं ऐकलं होतं," भाई म्हणाला. आवाज खोल गेलेला होता. मग मी न विचारताच तो म्हणाला, "तासभर थांबायला हवं होतं. लोक घाई करत होते, मी घाबरलो. चुकलं माझं."

याच वाक्यावर द्यायची उत्तरं मी आठ वर्षं घोटली होती. तोंडून भलतंच आलं.

"भाई, आईला शेवटचं पाणी कुणी पाजलं?"

"मीच."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट पार पडलं, अल्लाहचे उपकार. ते कुराण आता आमच्या घरी आहे आणि मुलगी माझ्याजवळ बसून वाचायला शिकते आहे. हदिया काय दिला ते लिहीत नाही. मी घासाघीस केली नाही, एवढंच सांगतो.

मला खरं सांगायचंय ते फोनवरच्या शेवटच्या दोन मिनिटांबद्दल. भाई म्हणाला, आईने शिकवलेली कुराणातली सूरा म्हण, मी ऐकतो. मी सुरू केलं आणि मध्येच अडलो. रोज म्हणतो ती सूरा, पण पुढचा शब्द येईना. नमाज पढवणारा अडखळला की मागच्याने शब्द पुरवायचा, त्याला आमच्यात लुकमा देणं म्हणतात. लुकमा म्हणजे घास. दवाखान्यातल्या खाटेवरून भाईने दबक्या आवाजात तो शब्द दिला. मी तो घेतला, आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच माझ्या डोक्यात दुसरं कुणी बोलत नव्हतं.