आजीचा हिंदीचा पेपर

माझी आजी मध्य भारतातल्या लष्कर नावाच्या शहरातल्या एका मराठी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. शाळेत सगळे तिला मोठ्या बाई म्हणत. घरात आम्ही आजी म्हणायचो, पण वागायचो शाळेतल्यासारखंच. माझे वडीलसुद्धा तिच्यासमोर सदऱ्याची वरची गुंडी लावून घ्यायचे.

मध्य भारत हे राज्य जाऊन मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि तिकडून एक फर्मान आलं. मुख्याध्यापकांनी कचेरीच्या हिंदीची परीक्षा द्यावी, दोनदा बसता येईल, नाहीतर खुर्ची सोडावी. आजीला खुर्चीचं एवढं काही नव्हतं. पण आपल्या जागी जो कोणी येईल तो शाळेतले मराठी वर्ग पहिल्या महिन्यातच बंद करील, ही तिची खात्री होती. ती भीती तिला खरोखर जाळत होती.

टांगेवाल्याशी हुज्जत घालायला आजीचं हिंदी उत्तम होतं. कागदावर मात्र ती अडायची. मी दहा वर्षांची, हिंदीत वर्गात पहिली; तेव्हा शिकवणी माझ्याकडे आली. शाळा सुटली की ती पाटावर आणि मी तिच्या आरामखुर्चीत. लाल पेन्सिलीने चुका काढून मी तिच्याच आवाजात विचारायची, "लक्ष कुठे आहे?" ती निमूट ऐकून घ्यायची. असं सुख मला पुढे चाळीस वर्षं मास्तरकी करूनही मिळालं नाही.

परीक्षा फूलबागेजवळच्या एका शाळेत होती. मी डबा घेऊन बरोबर गेले आणि व्हरांड्यात खिडकीशी उभी राहिले. तासभर आजी छान लिहीत होती. मग तिला पुढच्या बाकावरचे एक टोपीवाले गृहस्थ मांडीखालच्या चिठ्ठीवरून उतरवताना दिसले. झालं! आजी ताडकन उठली.

"क्यों जी, ये क्या है? खड़े हो जाइए!"

गृहस्थ उभे राहिले. एवढ्यावर थांबेल तर ती आजी कसली? चिठ्ठी जप्त करून, हात पाठीमागे बांधून ती वर्गभर फिरू लागली. कुणाची पाठ सरळ केली, कुणाची दौत कडेवरून आत सरकवली. देखरेखीला बसलेला तरुण मास्तर तर तिला पाहून खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. शेवटची घंटा झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपलाही पेपर आहे. सगळं पत्रलेखन राहून गेलं होतं.

निकाल आला. नापास.

"आई, कुणाला सांगू नको. पुन्हा बसून जा, झालं," वडील म्हणाले.

आजीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते वर्तमानपत्र वाचायला लागले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तिने अख्ख्या शाळेसमोर सांगितलं, "तुमच्या मोठ्या बाई हिंदीत नापास झाल्या आहेत. अभ्यास होता, पण शिस्त नव्हती." मागून गणितात नापास झालेल्या एका मुलीने टाळी वाजवली. "नापासाला टाळी नसते," आजी म्हणाली, पण तिला हसू आवरलं नाही. मला मात्र रडू कोसळलं. शिकवणी माझी होती ना!

दुसऱ्या वेळी तिने मला बजावलं, "खिडकीतून हलायचं नाही. मी उठले की खोकायचं." ती तीनदा उठली. मी तीनदा खोकले. तिसऱ्यांदा तो मास्तरही खोकला. आजी पास झाली.

पास झाल्याच्या संध्याकाळी तिने भोपाळला पहिलं हिंदी पत्र लिहिलं: शाळेतले मराठी वर्ग चालू ठेवावेत. चांगलं चार पानी. मी लाल पेन्सिल घेऊन बसले आणि मला एकही चूक सापडली नाही. विद्यार्थिनी हातची गेली म्हणून मी खूप हिरमुसले.

उत्तर यायला बरेच महिने लागले, पण होकार आला. मी मॅट्रिकपर्यंत त्याच वर्गांत शिकले. आज हे सगळं मराठीत लिहू शकते आहे, ते आजीच्या त्या हिंदी पत्रामुळे.