द्रौपदी धुरीची खरी तारीख

द्रौपदी धुरी आमच्या कारखान्यात हजेरीच्या टेबलावर एकतीस वर्षं बसली. घाटकोपरला एलबीएस रोडच्या आतल्या गल्लीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. मी तुळशीदास, स्टोअर सांभाळतो. माझं टेबल तिच्या टेबलासमोर, त्यामुळे तिचं जे काही सांगतोय ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ऐकीव सांगायची मला सवय नाही.

बाई तशी तुसडी. कोणी पाच मिनिटं उशिरा आला तर पाच मिनिटंच लिहायची, चार नाही. मला म्हणायची, "तू स्टोअरमध्ये दोऱ्याची रिळं मोजतोस ना? मग मी मिनिटं मोजली तर तुझ्या का पोटात दुखतं?"

वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी ती मुलुंडला शनिवारच्या क्लासला जाऊन मॅक्रो शिकली. मॅक्रो म्हणजे एक्सेलला एकदाच लिहून दिलेला हुकूम. मग बटण दाबलं की चारशे माणसांची हजेरी आपोआप लागते. क्लासात बाकी सगळी कॉलेजची पोरं. एकानं तिला विचारलं, "आंटी, तुमचा मुलगा कधी येणार?" ही म्हणाली, "मुलगा नाही, मीच आलेय. सरक."

तिचं लग्न झालं नाही. वडील गिरणीत होते, ते गेले, आई गेली. भांडुपच्या खोलीत ती एकटी. सुट्टीच्या दिवशी कंटाळा येतो म्हणून दिवाळीतसुद्धा एक दिवस ऑफिसात येऊन बसायची. वेड लागलंय हिला, असं मी तोंडावर म्हणायचो.

एक गोष्ट तिनं मला शंभर वेळा तरी ऐकवली असेल. आमच्या पिढीत कोकणातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जून. आईबापांना तारीख ठाऊक नसायची, मग शाळेत नाव घालताना मास्तर एक जून टाकून मोकळा व्हायचा. आमच्या पॅकिंग खात्यात असे अकरा जण आहेत. दर वर्षी एक जूनला ते मिळून पेढे आणतात आणि खातंभर वाटतात. द्रौपदीला शाळेत घालतानाही मास्तर तेच लिहीत होता. पण तिच्या बापानं त्याचा हात धरला. गिरणीत एका दिवसाचा खाडा करून प्रसूतिगृहातून कागद आणला आणि टेबलावर ठेवला, सहा जानेवारी. "माझ्या बापाला सही येत नव्हती, पण माझी तारीख पाठ होती," असं ती म्हणायची. एकविसाव्या वेळेला मी म्हणालो, पुरे गं आता. तरी सांगायचीच.

गेल्या वर्षी जुलैत हजेरीचं जुनं सॉफ्टवेअर बंद पडलं. सगळ्या कामगारांच्या जन्मतारखा एक्सेलमध्ये आणायच्या होत्या, त्यासाठी मॅक्रो द्रौपदीनंच लिहिला. ऑक्टोबरमध्ये त्याच फाइलमधून पुढच्या वर्षी रिटायर होणाऱ्यांची यादी निघाली. आमच्याकडे नियम असा की ज्या महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस घरी. द्रौपदीचे जानेवारीत पूर्ण होत होते. यादीत तिच्या नावापुढे होतं तीस जून.

ती यादी तिनं मला दाखवली. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. गणपतीच्या वेळी आमचे पर्सोनेलचे सुयोग साहेब सहज म्हणाले होते, "ताई, तुमच्याशिवाय आमचं कसं होणार?" तेच तिच्या डोक्यात. "साहेबांनी पाच महिने वाढवले बहुतेक," ती म्हणाली. "बोलले नाहीत. मोठी माणसं अशीच न बोलता करतात."

"विचारलंस का?"

"कशाला विचारायचं? मान ठेवलाय त्यांनी माझा."

मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रिटायरमेंटची पत्रं गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी पॅकिंगचा दशरथ गावकर हातात पत्र घेऊन आला. घामाघूम झालेला. तो द्रौपदीच्याच वर्षी जन्मलेला, त्या अकरा जूनवाल्यांपैकी एक.

"बाय, माका जानेवारीत घराक धाडतत?" तो म्हणाला. "मी तर जूनचो."

त्याची बायको जानकी, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये ठरलेलं. माणूस रिटायर झाला की कंपनीचा मेडिक्लेम त्याच दिवशी बंद. जानेवारीत दशरथ घरी म्हणजे मार्चमध्ये ऑपरेशन नाही, एवढा साधा हिशोब.

द्रौपदीनं कपाटातून त्याचं जुनं सर्व्हिस कार्ड काढलं. कार्डावर एक जून. एक्सेलमध्ये सहा जानेवारी. "टायपिंग चुकलं असेल," ती म्हणाली आणि आधी तिनं त्या सेलचं, म्हणजे एक्सेलमधल्या चौकटीचं, फॉरमॅट बदललं. तारीख दिसायची नुसती पद्धत बदलली, आतली तारीख तशीच चुकीची राहिली. मग तिनं पॅकिंगच्या बाकी दहा जणांच्या ओळी काढल्या. दहाच्या दहा जण सहा जानेवारीचे.

"अगं बाई!" ती खुर्चीत सरळ झाली. "तू जा दशरथ, मी बघते. जानेवारीत तुला कोणी घालवत नाही."

तो गेला. चार वाजले, चहा आला आणि निवला, तिनं हात लावला नाही. एकेक कार्ड काढून स्क्रीनशी ताडून बघत होती. पंधरा ऑगस्ट बरोबर. बावीस मार्च बरोबर. चार सप्टेंबरचा नऊ एप्रिल झालेला.

"सापडलं," ती म्हणाली. "मॅक्रोतून मी तारीख नुसती मजकूर म्हणून सेलमध्ये टाकली. कॉम्प्युटरची सेटिंग भारतीय आहे, पण मॅक्रो अमेरिकन पद्धतीनं वाचतो, महिना आधी आणि दिवस मागून. बाराच्या पुढचा दिवस असला की तेरावा महिना नसतो म्हणून गप्प बसतो, सरळ लिहितो. बाराच्या आत असला की उलटं करतो. म्हणून इतके दिवस कळलं नाही. निम्म्याहून जास्त तारखा बरोबरच दिसतात ना!"

"मग कर दुरुस्त. एवढं काय त्यात?"

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मी उठून तिच्या मागे गेलो तेव्हा कर्सर तिच्याच नावावर होता. धुरी द्रौपदी, एक जून. सहा एकचं एक सहा झालेलं.

मला समजायला एक मिनिट लागलं. साहेबांनी काही वाढवलं नव्हतं. कोणी मान ठेवला नव्हता.

"मीच वाढवले रे," ती म्हणाली. "माझे पाच महिने मीच वाढवले. आणि त्या दशरथाचे कापले."

मला तिची कीव आली आणि संतापही आला, कोणावर ते माहीत नाही. मी म्हणालो, "ऐक. दशरथची एक तारीख हातानं बदल आणि विषय संपव. मॅक्रो जूनमध्ये नीट कर, जाता जाता. कोण बघायला येतंय? पाच महिन्यांत कंपनी बुडणार आहे काय?"

"आणि मधल्या पाच महिन्यांत आणखी पत्रं निघाली तर?"

"तर तीपण हातानं बदल. यार, तू भांडुपच्या खोलीत बसून करणार काय आहेस?"

हे मी बोलायला नको होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुळशीदास, गप्प बस."

आणि तिनं कोड उघडलं. मॅक्रोनं अंदाज करायचाच नाही, असं केलं. तारखेचे तीन तुकडे केले, दिवस वेगळा, महिना वेगळा, वर्ष वेगळं, आणि कोणता तुकडा काय आहे ते स्पष्ट लिहून दिलं. सगळ्या मिळून चार ओळी. बटण दाबलं. नवी यादी छापून आली तेव्हा त्यात दशरथ जूनमध्ये होता आणि ती जानेवारीत, बाकीची नावं होती तिथंच.

दोन पत्रं तिनंच टाइप केली. एक दशरथचं, आधीचं पत्र रद्द म्हणून. दुसरं स्वतःचं. साहेबांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा मी स्टोअरच्या सहीचं निमित्त काढून मागोमाग गेलो. मला वाटलं होतं साहेब थांबतील, निदान विचार करतो म्हणतील. त्यांनी दोन्ही पत्रं वाचली.

"बरं झालं वेळेवर सापडलं," ते म्हणाले. "म्हणजे ताई, तुमचं जानेवारीच का?"

"हो, साहेब."

"ओके." आणि त्यांनी सही केली. त्यांना यादीत काय होतं ते ठाऊकच नव्हतं.

द्रौपदी जागेवर आली, पत्राची एक प्रत स्वतःच्या सर्व्हिस कार्डाला टाचणीनं लावली आणि दुसऱ्या दिवसाच्या हजेरीला लागली. त्यानंतर तिनं माझ्याशी चार दिवस बोलणं टाकलं.

एकतीस जानेवारीला कँटीनमध्ये तिचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. दशरथ पहिल्या रांगेत जानकीला घेऊन बसला होता, तिचा दुखरा पाय दुसऱ्या खुर्चीवर. सुयोग साहेब भाषणाला उभे राहिले. हातात जुना कागद होता, ऑक्टोबरचा.

"द्रौपदीताईंचा जन्म एक जूनचा," त्यांनी वाचलं. "ताई, तुमच्याशिवाय आमचं कसं होणार?"

"सहा जानेवारी," खुर्चीतून आवाज आला.

साहेब थांबले. "काय म्हणालात, ताई?"

ती उठून उभी राहिली, अंगावरची शाल घसरली तरी तिनं सावरली नाही. "सहा जानेवारी, साहेब. माझ्या बापानं खाडा करून आणलेली तारीख आहे. तेवढी नीट वाचा."

कँटीनमध्ये लोक हसले. दशरथ हसला नाही आणि मीही नाही. साहेबांनी खिशातलं पेन काढून कागदावर तारीख दुरुस्त केली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.