फायनलमधली माझी मिनिटं

मंडळी, खराडीतल्या ऑफिसात माझं काम म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे आकडे तपासणं. तिकडच्या कॉलेजातल्या एका मुलाने काल विक्रम मोडला आणि आज त्याची फाइल माझ्याकडे आली.

पोरगं वीस-एकवीसचं. शाळेपासून चेंडू घेऊन किती यार्ड पळाला, सगळं लिहिलेलं. चेंडू कितीदा हातातून निसटला, तेसुद्धा! मला चक्क हेवा वाटला.

मीही खेळायचे. यवतमाळला, शाळेकडून खो-खो. जिल्ह्याच्या फायनलला मी आउट न होता पळतच राहिले होते. पण किती मिनिटं, ते कुठेच लिहिलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत राहवलं नाही. आमच्या खेळाच्या सरांना फोन लावला.

"सर, फायनलला मी किती मिनिटं टिकले होते?"

सर हसले. "घड्याळ तं माह्याच हातात होतं पोरी. पण तुले पाहता पाहता ते बंद कराचंच राहून गेलं."

मग जागेवर येऊन त्या मुलाचे यार्ड जुळवत बसले.

इथे दारावरचं हजेरीचं मशीन माझं एकेक मिनिट मोजतं. पण घड्याळ विसरून बघणारं कोणी नाही. तुमच्याकडे आहे का हो?