किल्ली अण्णांच्या खिशात

अण्णा गेल्याचा फोन त्यांच्या सुनेनं केला, तेव्हा मी तासगावला आमच्या कोल्ड स्टोरेजवर बेदाण्याचे बॉक्स उतरवून घेत होते. "झोपेतच गेले," ती म्हणाली. मी काम टाकून तशीच पायरीवर बसले. महिना होऊन गेला, कुणाशी धड बोलता आलं नाही. म्हणून आता लिहितेय...

अण्णा माझ्या माहेरच्या गावचे, कुंडलचे. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी सांगलीत इलेक्ट्रिकल पॅनेल बनवायचा कारखाना काढला. बाहेरून आलेली वीज प्रत्येक मशीनला वाटून देणारं आणि कुठं गडबड झाली की तिथल्या तिथं तोडणारं ते लोखंडी कपाट. आमच्या स्टोरेजचं पॅनेल त्यांच्याच हातचं. ते बसवताना आमचं चांगलंच वाजलं होतं. पॅनेलच्या पुढं-मागं माणूस मोकळा उभा राहील एवढी जागा त्यांना हवी, आणि मला तिथं बॉक्स रचायचे. "बेदाणा कुठंबी ठिव पोरी, हितं न्हाई," म्हणाले आणि चुन्यानं जमिनीवर रेघ ओढून मोकळे झाले. माणूस भलता हट्टी. मीही काही कमी नाही, पण रेघ राहिली.

मग ती खंडेनवमी आली. माझ्या यजमानांनी पॅनेलची पूजा केली. हार घातला, नारळ फोडला आणि अगदी मनोभावे त्याचं पाणी वरून शिंपडलं. ते जाळीतून आत गेलं. धाडकन आवाज झाला आणि सगळे कॉम्प्रेसर बंद. पॅनेलनं वीज तोडली म्हणून आग लागली नाही, पण खोल्या शेतकऱ्यांच्या मालानं भरलेल्या, आणि जनरेटरची वीजही त्याच पॅनेलमधून जाणारी. अण्णा सणाचं ताट सोडून सांगलीहून आले. आल्या आल्या त्यांनी मेन स्विचच्या हँडलला स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि मगच मागचं झाकण काढलं. आतल्या वीज वाहून नेणाऱ्या उघड्या तांब्याच्या पट्ट्या पुसायला यजमानांना सोबत घेतलं.

बऱ्याच वेळानं अण्णा चहाला बाहेर आले. त्यांना बाहेर बघून माझ्या धाकट्या दिराला वाटलं, झालं काम. शेतकऱ्यांचे फोनवर फोन, तो आधीच वैतागलेला. धावत जाऊन त्यानं हँडल ओढलं. हलेना.

"आवं अण्णा, किल्ली द्या की. माल खराब व्हाया लागलाय."

"मागं कोण हाय ते बघ आदी," अण्णा बशी फुंकत म्हणाले.

तेवढ्यात पॅनेलच्या मागून यजमानांचा आवाज आला, "जरा बॅटरी धरा रं कुणीतरी, दिसंना झालंय."

दिरानं चटका बसल्यागत हँडल सोडलं. अण्णांनी चहा संपवला, आत गेले आणि स्वतः बॅटरी धरून उभे राहिले. निघताना एवढंच म्हणाले, "फुडल्या वर्षी पूजा झोकात करा, पन सुकी. पानी तुळशीला घाला."

नंतर किती वेळा मी आभार मानायला गेले. मी तोंड उघडलं की ते विषय बदलायचे, यंदा बागा कशा हायत म्हणून विचारायचे. आता ऐकून घ्यायलाही कुणी उरलं नाही. फार मोठं माणूस होतं, आणि आमच्या वाट्याला आलं.

हल्ली दुपारी यजमान जेवायला बसले की वाढता वाढता माझी नजर त्यांच्या हातांवर जाते. भाकरी मोडतात, कांदा फोडतात, आमटीत बोटं बुडवतात.

"काय बघतीस?" ते विचारतात.

"काही नाही, जेवा," मी म्हणते, आणि नको नको म्हणत असताना आणखी एक भाकरी वाढते.