गवती चहा आणि माझा जळफळाट

शोभे, नागपूर स्टेशनवर आईने माझ्या हातात काय दिलं होतं, आठवतं का तुला? नोकरीला निघालेल्या लेकीला बाकीच्या आया चिवडा देतात, लोणचं देतात. आपल्या आईने ओल्या फडक्यात गुंडाळलेला गवती चहाचा ठोंब दिला. पात्या वरून कापलेल्या, मुळांना वर्ध्याच्या अंगणातली काळी माती तशीच चिकटलेली. बाबा म्हणाले, "अगं, सरकारी नोकरीवर चालली ती, वावर कसायला नाही." पण आई कुणाचं ऐकते! खिडकीच्या गजातून हात आत घालून सांगत होती, "परक्या गावात डोकं भणभणते. झोप नाही आली तर दोन पात्या टाकून चहा करजो. जीव थंडा होते."

गाडी हलली. आई माझ्याकडे बघून रडत होती, पण तिचा हात होता तुझ्या खांद्यावर. तो हात अजून माझ्या डोळ्यांत खुपतो. आज सांगूनच टाकते. नोकरी मला लागली, बढती मला मिळाली, लखनौच्या इंदिरा नगरात आमचा फ्लॅट झाला, रिया इथे इंग्लिश मीडियममध्ये शिकून कॉलेजात गेली. लोकांना वाटत असेल की वर्ध्यात राहिलेली धाकटी थोरलीवर जळत असेल. छे! जळते ती थोरली, आणि चांगली भडाभडा जळते. जे कुणी गाव सोडून आलेत ना, त्यांचंही असंच असणार, फक्त ते बोलत नाहीत.

तो ठोंब मी लखनौला पहिल्या भाड्याच्या खोलीच्या गॅलरीत कुंडीत लावला. सुरुवातीला तरारला. ऑफिसात दिवसभर "मैडम, यह फ़ाइल", "मैडम, वह फ़ाइल" ऐकून डोकं फुटायची वेळ यायची, तेव्हा मी पात्या तोडून चहा करायची आणि गॅलरीत उभं राहून प्यायची. पहिल्या डिसेंबरात धुकं पडलं आणि पात्या पिवळ्या झाल्या. फुटेल, फुटेल म्हणून मी वाट बघत राहिले. मे महिन्यात रजेवर वर्ध्याला येऊन गेले आणि परत आले तर कुंडीत नुसता भुसा. त्या दिवशी तुझा फोन आला होता. "ताई, आत्ताच आईच्या हातचा चहा पिऊन बसले." तू सहज बोलली असशील. मी फोन ठेवला आणि ती कुंडी उचलून जिन्याखाली आदळली.

गंमत बघ, आपल्याकडे चहा करायच्या भांड्याला आपण गंज म्हणतो आणि इथे गंज म्हटलं की हज़रतगंज, नटूनथटून फिरायला जायची जागा. लग्नानंतर नवीन नवीन असताना मी ह्यांना स्वयंपाकघरातून ओरडले होते, "गंज घेऊन या हो!" शेजारच्या बाई दोन दिवस हसत होत्या. आता मीसुद्धा गंजाला भगोना म्हणते. सब्जी म्हणते, भैया म्हणते. रियाला मराठीत विचारलं की ती हिंदीत उत्तर देते आणि मला ते कळतही नाही, इतकं सवयीचं झालंय.

मग बाबा गेले. त्यानंतर आईची झोप उडाली, छातीत धडधड सुरू झाली, संध्याकाळ झाली की तिला घर खायला उठायचं. तू डॉक्टरकडे नेलंस. हृदयाला काही नाही, मनाला धक्का बसलाय, असं ते म्हणाले, बारीकशी गोळी दिली आणि सांगितलं, गोळी बंद करायची नाही, बाकी चहा-काढा काय घ्यायचा तो घ्या. मला हे सगळं फोनवर कळत होतं. तुझा आवाज थकलेला असायचा आणि मला त्या थकव्याचाही हेवा वाटायचा. अगं, आईसाठी थकायला तरी मिळत होतं तुला!

म्हणून मी हट्टाने तिला दिवाळीनंतर लखनौला आणलं. मनात एकच होतं. आई माझ्याकडे बरी व्हावी आणि कायमची माझ्याकडेच राहावी. गाडीतच मी तिला तसं म्हणाले. ती बाहेर बघत म्हणाली, "होळीपर्यंत पाहतो, मग ठरवतो." बस, माझी जणू परीक्षाच सुरू झाली. आईला माझ्या घरी झोप लागली की मी पास.

मी कंबर कसली. हज़रतगंजमधल्या मोठ्या दुकानात गेले आणि मन शांत करणारे जेवढे म्हणून चहा होते, ते सगळे उचलून आणले. कॅमोमाइलच्या पुड्या, ज्याला इथले जुने लोक बाबूना म्हणतात. तुळस-आलं, लव्हेंडर, ब्राह्मी, अश्वगंधा. एका डब्यावर चंद्राचं चित्र होतं, दुसऱ्यावर डोळे मिटून बसलेली गोरी बाई. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, तणाव कमी व्हायला मदत होऊ शकते. होऊ शकते! मला ते "शकते" अजिबात मंजूर नव्हतं. माझ्या घरी झालंच पाहिजे होतं.

रोज संध्याकाळी मी ऑफिसातून यायची, पर्स टाकायची आणि इलेक्ट्रिक केटल लावायची. काचेच्या कपात पुडी सोडून ट्रेमध्ये आईसमोर. आई सोफ्यावर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली असायची. एक घोट घ्यायची आणि म्हणायची, "चांगला आहे." आईचं ते "चांगला आहे" तुला माहीत आहे. लग्नाच्या पंगतीतल्या बेचव वरणालाही ती हेच म्हणते. लव्हेंडरच्या चहाच्या वेळी मात्र तिला राहवलं नाही. "हे साबण आहे का गं?" रिया खो खो हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण झोप नाही ती नाहीच. सकाळी विचारलं की म्हणायची, "लागली होती थोडीशी." डोळे तर लाल. मी तिला काडी इकडची तिकडे करू देत नव्हते. भांड्यांना बाई, पोळ्यांना बाई, बाकी मी. आई उठून ओट्याशी आली की मी तिच्या खांद्याला धरून परत आणून बसवायची. "जन्मभर राबलीस. आता माझ्या घरी बस राणीसारखी." ती बसायची. तू फोनवर एकदा विचारलंस, "ताई, आई चहा-बिहा करते का तिथे?" मी फुशारकीने म्हणाले, "मी तिला ओट्याला हातसुद्धा लावू देत नाही!" तू विषयच बदललास. मला वाटलं, आता कशी जिरली हिची.

आमच्या खाली तळमजल्यावर सक्सेना भाभी राहतात. मोठ्या शाळेच्या रिटायर्ड प्रिन्सिपल, मुलं कॅनडात, घरात एकट्या. त्यांच्या दारापुढे जमिनीचा एक तुकडा आहे आणि त्यात गवती चहाचं हे एवढं बेट! मी वर्षानुवर्षं त्या बेटाकडे न बघता जिना चढते. बघितलं की पोटात दुखतं. एका दुपारी ऊन खायला म्हणून आई खाली गेली आणि त्या बेटाजवळ उभी राहून पाती चुरगाळून वास घेऊ लागली. भाभींनी तिला आत बोलावलं. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा गेली. मग रोजच. मी ऑफिसातून यायच्या आधी निघायची आणि संध्याकाळच्या बुद्धवंदनेच्या वेळेला वर यायची. येताना चेहरा उजळलेला. वंदनेत तिचा आवाज नीट लागायला लागला. आणि शोभे, तिला झोप लागायला लागली. चक्क घोरायला लागली!

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या डब्यांची रांग तशीच, आणि माझ्या आईला झोप येते खालच्या बाईच्या चहाने! संध्याकाळी मी कप पुढे केला की आई म्हणायची, "नको, खाली झाला माझा." खाली झाला! जिन्यात भाभी भेटल्या की लखनवी गोडव्याने म्हणायच्या, "आपकी अम्माजी से तो हमारे घर में रौनक आ गई है." मी दात दाखवायची आणि आतून फणफणत वर यायची. आधी तू आणि आता ह्या. मी आईला इतक्या लांबून आणलं ते काय सक्सेनांच्या घरात रौनक यायला? रिया म्हणाली, "मम्मी, आप जेलस हो रही हो, यार." मी म्हणाले, "हो, होतेय. मग?"

भाभी त्या चहात घालतात तरी काय, हे मला कळायलाच हवं होतं. तेच आणून, त्याहून चांगलं करून, मी आईला पाजणार होते. एका शनिवारी सुट्टी होती. आई खाली गेल्यावर जरा वेळाने मी "भाभी, थोडं दही आहे का विरजणाला?" असा बहाणा करून गेले. दार लोटलेलंच होतं. आत गेले आणि स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं.

भाभी वेताच्या मोढ्यावर पाय वर घेऊन आरामात बसल्या होत्या. ओट्याशी आई उभी होती. पदर कमरेला खोचलेला, एका हातात सांडशी, दुसऱ्या हाताने पात्यांची गाठ मारून पाण्यात टाकत होती. अगदी वर्ध्याला मारते तश्शी गाठ. तुळशीची पानं, किसलेलं आलं. उकळी वर आली की आच कमी, पुन्हा मोठी. भाभी उठायला लागल्या तर आई आपल्या नागपुरी हिंदीत दटावत होती, "आप बैठो ना. मैं करती ना."

मला बघून भाभी म्हणाल्या, "आओ, आओ, बैठो. हमें तो महीनों से नींद नहीं आती थी. अब अम्माजी के हाथ की पीते हैं, तो आँख लग जाती है." आणि आईकडे बघून हसत म्हणाल्या, "पहले तो हमारे यहाँ माँएँ बेटी के घर का पानी तक नहीं पीती थीं. अम्माजी पीती तो हैं, मगर कहती हैं, वहाँ बेटी करने कुछ नहीं देती." आईने झटकन मान वळवली. "मी तसं नाही बोलली हो," ती मला म्हणाली. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला. तो चेहरा बघून मला आधी संताप आला आणि लगेच रडू आलं. माझी आई, माझ्या घरातून, दुसऱ्याच्या घरी चहा करायला लपून जात होती.

आईने कप भरले. तिने स्वतःचा कप हातातही घेतला नाही, आधी भाभींनी घोट घेईपर्यंत बघत राहिली. भाभी "वाह" म्हणाल्या. आईने मोठ्ठा श्वास सोडला आणि मग स्वतः पिऊ लागली. तो श्वास ऐकला आणि मला तुझा फोन आठवला. आईच्या हातचा चहा पिऊन बसले, असंच म्हणायचीस तू नेहमी. मी इतकी वर्षं समजत होते की तुझं नशीब थोर, तुला आयता चहा मिळतो. अगं, तू तिला करू देत होतीस! बाबा गेल्यावर सुद्धा रोज संध्याकाळी तिच्याकडे चहा मागत होतीस. आणि मी चंद्राच्या चित्राचे डबे आणत होते.

वर आलो. वंदना झाली. मी सोफ्यावर डोकं धरून बसले आणि म्हणाले, "आई, डोकं दुखतंय. ऑफिसात फार कटकट झाली ह्या आठवड्यात. चहा कर ना." खोटं नव्हतं ते, शोभे. डोकं वीस-पंचवीस वर्षांपासून दुखतंय, मागायचं कुणाकडे? आईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली, पदर खोचला. स्वयंपाकघरात फडताळं उघडायचा-मिटायचा आवाज येत राहिला, एकामागून एक. आणि मग तिने तिथूनच विचारलं, "साखर कुठं ठेवते गं तू?"

कितीतरी आठवडे ती माझ्या घरात होती आणि तिला माझी साखर कुठे असते ते माहीत नव्हतं. रिया धावली. "आजी, वहाँ ऊपर, ऊपर वाले में!" आईचा हात तिथे पोचत नव्हता.

आता होळी झाली. आई उन्हाळा तुझ्याकडे काढणार आहे, इथल्या लूच्या उन्हाळी झळा तिला सोसायच्या नाहीत. पाऊस संपला की येते म्हणाली. कायमचं राहण्याचं काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. तू स्टेशनवर घ्यायला येशील, पुन्हा तिचा हात तुझ्या खांद्यावर जाईल आणि मी इथे जळत बसेन. तेवढं काही माझं सुटायचं नाही. भाभींनी बेटातला एक ठोंब काढून दिलाय, तो आईने गॅलरीत लावला आहे. जगतो की नाही, बघू. चंद्राचे डबे रियाच्या मैत्रिणींच्या हॉस्टेलवर गेले.

पण एक सांगते. त्या दिवशी चहा झाल्यावर आईने माझी सगळी फळी आवरायला काढली आणि साखरेचा डबा वरून उतरवून खालच्या कप्प्यात ठेवला, तिच्या हाताशी येईल असा. आता सकाळी-संध्याकाळी मला साखरेसाठी कमरेतून वाकावं लागतं. ह्यांनी परवा तो उचलून पुन्हा वर ठेवला, तर मी केवढ्याने ओरडले. आई पाऊस संपल्यावर आली की तिला साखर विचारावी लागणार नाही. तुझ्या घरात तुझा डबा तूच ठेवतेस ना, शोभे? माझ्या घरात आईने ठेवलाय. आता तू जळ.